गुरुजींच्या फ्लॉप्या : नक्कल की मूळ यंत्र?

गेल्या वर्षी श्रावणात एका निवृत्त शिक्षकांची मुलगी चपलांचा एक खोका घेऊन माझ्याकडे आली. खोक्यात सव्वीस फ्लॉप्या होत्या. नऊ सव्वापाच इंची, सतरा साडेतीन इंची. तिच्या वडिलांना आम्ही सगळे गुरुजीच म्हणत असू. नोकरी सांभाळून त्यांनी आमच्या तालुक्यातले शेतीचे शब्द गोळा केले होते. मोट, मोटेचा नाडा, सोंदूर, पाणी पडते ते थारोळे, बैलांची धाव. गुऱ्हाळातली, खळ्यावरची, दावणीची भाषा. त्यांच्या वह्या एका पावसाळ्यात भिजून गेल्या. कोश छापला गेलाच नाही. गुरुजी गेले आणि उरला तो हा खोका.

मुलगी म्हणाली, "काका, यातलं बरंचसं तुम्हीच टाइप केलं होतं म्हणे. आता तुम्हीच उघडा."

खरेच होते. १९९७-९८ मध्ये मी तालुक्याच्या गावी एका डीटीपीच्या दुकानात काम करत होतो आणि साडेतीन इंची फ्लॉप्यांवरचा मजकूर माझ्याच बोटांनी गेला होता. सव्वापाच इंची फ्लॉप्या त्याआधीच्या, १९९२-९३च्या. तो मजकूर दुसऱ्या एका केंद्रावर डॉसच्या यंत्रावर भरलेला होता. संगणकाचे रीतसर शिक्षण माझे झालेले नाही. जे आले ते दुकानात, दुरुस्तीवाल्यांच्या शेजारी बसून आणि चुका करून आले. हा खोका उघडताना एका प्रश्नाशी वर्षभर झुंजावे लागले. जुनी कार्यप्रणाली, म्हणजे डॉस किंवा विंडोज ९८, आज घरी चालवायची तर आजच्या संगणकात तिच्यासाठी जुन्या यंत्राची नक्कल उभी करावी, की बाजारातून खरे जुने यंत्र आणावे? हा प्रश्न हौशी लोकांचा वाटतो. पण ज्यांच्या घरी नव्वदच्या दशकातले मराठी लेखन फ्लॉपीवर किंवा सीडीवर पडून आहे, त्या सगळ्यांचा तो आहे.

नक्कल म्हणजे काय

नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमला एम्युलेटर म्हणतात. आपल्याकडचा बहुरूपी आठवावा. तो फौजदार होऊन दारात उभा राहतो आणि थोडा वेळ घरातली माणसे खरेच बिचकतात. एम्युलेटर जुन्या यंत्राचे सोंग घेतो. जुना प्रोसेसर, त्याची स्मृती, चित्रपटल, कळफलक, डिस्क अशा प्रत्येक भागाचे वागणे तो पायरीपायरीने वठवतो. आत चालणाऱ्या विंडोज ९८ला आपण १९९९ सालच्या पेटीत नसून एका प्रोग्रॅमच्या पोटात आहोत, हे कळत नाही.

कल्पना जुनी आहे. एक यंत्र योग्य सूचना दिल्यास दुसऱ्या कोणत्याही गणनयंत्राचे काम करू शकते, हे अॅलन ट्युरिंगने १९३६ मध्येच कागदावर मांडले होते. व्यवहारात ती गाजली १९६४ मध्ये. आयबीएमने सिस्टिम/३६० ही नवी यंत्रे आणली, तेव्हा जुन्या १४०१ यंत्रावरचे प्रोग्रॅम ग्राहकांना टाकून द्यावे लागू नयेत म्हणून नव्या यंत्रात जुन्याची नक्कल करण्याची सोय ठेवली. पुढे १९९५ मध्ये जेफ रोथेनबर्ग यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या लेखात इशारा दिला की संगणकीय दस्तऐवज कागदापेक्षा लवकर मुके होतील. त्यावरचा उपाय म्हणून ते नकलेच्या बाजूने आग्रहाने बोलत राहिले.

आज घरी वापरता येतील असे एम्युलेटर फुकट मिळतात. डॉससाठी डॉसबॉक्स २००२ पासून आहे. ८६बॉक्समध्ये तर मदरबोर्ड कोणता, चित्रपटलाचे कार्ड कोणते, इथपर्यंत निवड करता येते. यांच्याशेजारी व्हर्च्युअल मशीन हा आणखी एक प्रकार असतो आणि लोक दोन्ही एकच समजतात. व्हर्च्युअल मशीनमध्ये प्रोसेसरची नक्कल नसते. आतल्या प्रणालीचे आदेश आजचा खरा प्रोसेसरच पाळतो. त्यामुळे ते वेगवान असते, पण विंडोज ९८सारखी प्रणाली नव्या प्रोसेसरवर त्यात अडखळते. जुन्या प्रणालीला वेग सोसत नाही, याची उदाहरणे तेव्हाचीच आहेत. ३५० मेगाहर्ट्झ आणि त्यावरच्या एएमडी के६-२ प्रोसेसरवर विंडोज ९५ सुरू होतानाच कोसळे. कारण एक वेळ मोजणारा हिशेब इतक्या झटकन संपे की भागाकारात शून्य येई. पूर्ण नकलेत हा वेग हवा तसा रोखता येतो.

इतरांनी काय केले

इंग्लंडात १०८६ मध्ये जमिनींची आणि गावांची मोठी नोंदवही झाली, ती 'डूम्सडे बुक'. तिला नऊशे वर्षे झाली म्हणून १९८६ मध्ये बीबीसीने देशाचे नवे चित्र लेझर डिस्कवर साठवले. शाळकरी मुलांनी आपापल्या गावांची माहिती लिहिली. पंधरा-सोळा वर्षांत त्या डिस्क वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली, आणि नऊशे वर्षांपूर्वीची चामड्यावरची वही मात्र वाचता येत होती. २००२ मध्ये लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांच्या कॅमिलिऑन प्रकल्पाने त्या संगणकाची आणि डिस्क-वाचकाची नक्कल करून दाखवली. ही गोष्ट नकलेचा विजय म्हणून सांगितली जाते. त्यातला एक तपशील मात्र मागे राहतो. डिस्कवरची माहिती बाहेर काढायला त्यांना एक चालू स्थितीतले मूळ वाचक-यंत्र लागलेच होते.

दुसरे उदाहरण साहित्यातले. सलमान रश्दी यांचे कागदपत्र अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाने २००६ मध्ये घेतले. त्यांत कागदांबरोबर त्यांचे अॅपलचे संगणकही होते. २०१० मध्ये विद्यापीठाने त्यांपैकी एका संगणकाची नक्कल वाचनकक्षात अभ्यासकांना खुली केली. अभ्यासक लेखकाचा पडदा, त्याच्या फायलींची मांडणी, त्याने वापरलेला शब्दसंपादक पाहू शकतो, आणि मूळ यंत्राला हात लागत नाही. झिजणारी वस्तू बाजूला ठेवायची आणि न झिजणारे सोंग वाचकापुढे ठेवायचे, ही नकलेची सर्वांत चांगली बाजू.

ही उदाहरणे वाचून मी ठरवले की जुने यंत्र घ्यायचे नाही. एम्युलेटर फुकट, जागा अडवत नाही, बिघडला तर पुन्हा उतरवून घेता येतो. आठवड्याभरात माझ्या लॅपटॉपवर डॉस आणि विंडोज ९८ दोन्ही चालू झाले. विंडोज ९८ची मूळ सीडी आणि परवाना क्रमांक माझ्याकडे होता. (कंपनीने २००६ मध्ये या प्रणालीची देखभाल थांबवली, म्हणून तिचा प्रताधिकार संपत नाही, हे लक्षात ठेवावे. डॉसच्या जागी फ्रीडॉस ही मुक्त प्रणाली मात्र कोणालाही वापरता येते.) सुरुवातीच्या संगीताने क्षणभर दुकानच आठवले. मग गुरुजींचा मजकूर उघडायला बसलो आणि तीन ठिकाणी अडलो.

मराठी कुठे राहत होती

हे अडणे समजायला थोडा इतिहास हवा. डॉसचे यंत्र इंग्रजीसाठी घडलेले होते. त्याच्या पडद्यावर २५६ ठरावीक चिन्हे होती आणि त्यांत देवनागरी नव्हती. ऐंशीच्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्यांवर काम झाले आणि ते पुढे पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये वाढले. त्यातून आले जिस्ट कार्ड. हे एक खरेखुरे सर्किट होते, संगणकाच्या पेटीतल्या खाचेत बसवायचे. ते बसवले की इंग्रजीसाठी लिहिलेला डीबेससारखा प्रोग्रॅमही मराठी दाखवू लागे. प्रोग्रॅमला वाटे आपण साधी चिन्हे पाठवतो आहोत. कार्ड त्यांची जोडाक्षरे करून पडद्यावर उमटवे. त्या काळी मराठी या कार्डात राहत होती.

एम्युलेटर नक्कल करतो ती जगभर खपलेल्या यंत्राची. आवाजाच्या कार्डांचे दहा प्रकार त्यात मिळतात, कारण जगभरच्या खेळगड्यांना ते हवे असतात. मी वापरलेल्या एकाही एम्युलेटरमध्ये जिस्ट कार्ड नव्हते. बहुरूप्याने फौजदार वठवला होता, पण आपल्या गावचा पोलीस पाटील त्याने पाहिलाच नव्हता.

विंडोज ९५ आल्यावर मराठी कार्डातून फॉन्टमध्ये राहायला गेली. फॉन्ट बनवणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले. कुठे अर्धा 'क', कुठे वेलांटी, कुठे रफार. श्रीलिपी, आकृती, आयएसएम, प्रत्येकाची मांडणी निराळी. फॉन्ट नसेल तर त्याच फायलीत इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते, हा अनुभव अनेक वाचकांना असेल. शिवाय हे प्रोग्रॅम महाग असल्याने त्यांच्याबरोबर एक लॉक येई. हा प्रिंटरच्या खाचेत लावायचा पंचवीस पिनांचा तुकडा. तो लावला नाही तर प्रोग्रॅम पुढे सरकत नसे.

तर माझे तीन अडथळे असे. सव्वापाच इंची फ्लॉपी वाचायला ड्राइव्ह नाही. साडेतीन इंचीसाठी यूएसबीवर चालणारे ड्राइव्ह मिळतात, सव्वापाचसाठी तसे नाही. १९९२च्या मजकुरासाठी जिस्ट कार्ड नाही. आणि १९९८च्या मजकुरासाठी लॉक नाही.

जुना बाजार

शेवटी पुण्याच्या जुन्या बाजारातून पेंटियम ३ची एक पेटी अठराशे रुपयांना आणली. जुने यंत्र घेणे म्हणजे जुनी मोटारसायकल घेण्यासारखे आहे. चालू होते आहे एवढ्यावर जाऊ नये. झाकण उघडून प्रोसेसरशेजारचे कपॅसिटर पाहावेत. त्यांची डोकी फुगलेली असतील किंवा तळाशी तपकिरी ओल असेल तर ते बदलावे लागतात. माझ्या पेटीत चार फुगलेले होते. त्याआधीच्या, ३८६-४८६च्या बोर्डांवर एक पिंपासारखी बॅटरी डाख दिलेली असते. ती फुटून पाझरली की आसपासच्या तांब्याच्या रेषा खाऊन टाकते. वीजपुरवठ्याचा डबा आधी वेगळा तपासून घ्यावा. आणि जुन्या हार्ड डिस्कवर विसंबू नये. ती चालू असेतो तिची संपूर्ण प्रतिमा काढून ठेवावी. दुरुस्ती, सव्वापाच इंची ड्राइव्ह आणि केबल धरून पेटी मला साडेचार हजारांना पडली. वेळ किती गेला ते घरच्यांना विचारू नये.

फ्लॉप्या थेट ड्राइव्हमध्ये घातल्या नाहीत. आपल्या दमट हवेत चकतीवर बुरशी येते, आणि बुरशीची एक फ्लॉपी ड्राइव्हचे डोके खराब करून पुढच्या चांगल्या फ्लॉपीलाही ओरखडते. प्रत्येक चकती उजेडात धरून पाहिली, डाग होते त्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या. लिहिण्याची बंदी आधी घातली. सव्वापाच इंचीची बाजूची खाच चिकटपट्टीने झाकायची, साडेतीन इंचीचे छोटे दार मात्र उघडे ठेवायचे. मग एकेक फायली न उचलता संपूर्ण फ्लॉपीची प्रतिमा घेतली. साडेतीन इंचीला ८० वर्तुळे, दोन बाजू, दर वर्तुळात १८ खंड, दर खंडात ५१२ बाइट. गुणाकार १४,७४,५६० बाइट. प्रतिमा तेवढीच भरली म्हणजे सगळे खंड जागेवर आले. वाचताना चूक दाखवली गेली नसेल तरच ते खरे मानायचे. सव्वीसपैकी चोवीस पूर्ण वाचल्या गेल्या.

सोपे अवघड निघाले, अवघड सोपे

मला वाटले होते की १९९२चा मजकूर जास्त जुना, म्हणून जास्त अवघड. झाले उलटेच.

जिस्ट कार्ड ज्या सांकेतिक लिपीवर चालत होते ती इस्की. १९९१ मध्ये ती आयएस १३१९४ या क्रमांकाने भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली. तिचा तक्ता उघड होता, आणि युनिकोडमधली देवनागरीची मांडणी तिच्याच १९८८च्या आवृत्तीवर बेतलेली आहे. म्हणून गुरुजींची डीबेसची फाइल युनिकोडमध्ये आणायला कार्डही लागले नाही आणि एम्युलेटरही. एका पानाचा तक्ता करून दोन संध्याकाळींत अकराशे नोंदी वाचता आल्या. क्रम पाहिला तर 'काळ'ने सुरू होणारे शब्द 'काव'च्या आधी होते. मराठी कोशात 'ळ' 'ह'नंतर येतो. इस्कीत तो 'ल'नंतर आहे. गुरुजींनी यंत्राला क्रम लावायला सांगितला होता आणि यंत्राने आपल्या वर्णमालेने लावला होता.

आणखी एक गोष्ट हाती लागली. डीबेसमध्ये नोंद खोडली की ती पुसली जात नाही. नोंदीच्या सुरुवातीला एक फुली पडते आणि पडद्यावर ती लपवता येते. प्रोग्रॅमला साफसफाईचा आदेश देईपर्यंत ती फायलीत तशीच असते. गुरुजींनी खोडलेले एकेचाळीस शब्द मला मिळाले. काही शिव्या होत्या, काही एका जातीच्या बायकाच वापरत असे शब्द. ते का खोडले ते आता कळणार नाही. मी ते खूण करून वेगळे ठेवले आहेत. खरे यंत्र आणि खरे कार्ड लावून मी हौसेने डीबेस चालवत बसलो असतो, तर ते कदाचित दिसलेही नसते.

१९९८चा मजकूर मात्र खाजगी मांडणीत होता. मी तो त्या कंपनीच्या स्वतःच्या संपादकात बसवला होता. पेजमेकरमध्ये असता तर नकलेतल्या विंडोजमध्ये फॉन्ट बसवून पाने दिसली असती. हा संपादक लॉकशिवाय उघडेना. काही एम्युलेटर बाहेरची खरी प्रिंटर-खाच आतल्या प्रणालीला जोडून देतात, पण आजच्या लॅपटॉपला ती खाचच नाही, आणि यूएसबीची केबल लावून पाहिली तर लॉकला ती पटेना. अशा केबली प्रिंटरसाठी असतात. दुकानाचे जुने मालक अजून आहेत. त्यांनी खणात शोधून लॉक काढून दिले, "ने, पण परत आण," म्हणाले. पेंटियमच्या पाठीमागे ते लावले आणि सत्तावीस वर्षांपूर्वी मी बसवलेली पाने जशीच्या तशी उघडली.

ती पाने दिसणे का महत्त्वाचे होते, ते एका अक्षरावरून कळेल. फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारा प्रोग्रॅम मी आधीच लिहून पाहिला होता. अशा मजकुरात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते आणि रफार नंतर. त्यांच्या जागा बदलाव्या लागतात. ते जमले. पण रफार आणि आपला मराठी आडवा 'ऱ' यांना मी एकच समजलो होतो. त्यामुळे डोंगरातल्या 'दऱ्या' समुद्राचा 'दर्या' झाल्या, 'चऱ्हाट' आणि 'गुऱ्हाळ' यांची अक्षरे उभी राहिली. नुसती फाइल वाचून ही चूक कळली नसती, कारण 'दर्या' हाही शब्दच आहे. मूळ पडद्यावर पान पाहिले तेव्हा कळली. मग प्रत्येक पान प्रिंटरऐवजी फायलीत छापून त्याची प्रतिमा घेतली. ती प्रतिमा समोर ठेवून सगळा मजकूर ओळीओळीने ताडला.

तर मग काय घ्यावे

माझ्यापुरते उत्तर असे आहे. आधी आपल्याला काय वाचवायचे आहे ते ठरवावे. नुसता मजकूर हवा असेल आणि तो प्रसिद्ध मानकात असेल, तर जुनी प्रणाली चालवण्याची गरजच नाही. पानाचे रूप, प्रोग्रॅमचे वागणे पाहायचे असेल, तर नक्कल पुरते, आणि रोजच्या वापरासाठी तीच बरी. ती झिजत नाही आणि हवी तितक्यांना देता येते. पण ड्राइव्ह, कार्ड, लॉक अशी हाताला लागणारी वस्तू मध्ये असेल, तर खरे यंत्र एकदा तरी लागते. यंत्राने बाहेर काढायचे आणि नकलेत सांभाळायचे, हा क्रम. आता माझ्या पेटीच्या हार्ड डिस्कची प्रतिमा एम्युलेटरमध्ये चालते; फक्त तो एक प्रोग्रॅम लॉकच्या दारात थांबतो. म्हणूनच त्या पानांच्या प्रतिमा आधी काढल्या हे बरे झाले.

हा क्रम उलटा करता येत नाही. नक्कल दहा वर्षांनी आजच्यापेक्षा चांगली झालेली असेल. फ्लॉपी, कपॅसिटर आणि दुकानदाराच्या खणातले लॉक मात्र दर वर्षी कमी होणार आहेत. फ्लॉप्या बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांपैकी सोनीने २०११ मध्येच ते काम थांबवले. ज्यांच्याकडे अशी फ्लॉपी, सीडी किंवा लॉक असेल, त्यांनी निदान ते कोरड्या जागी ठेवावे. कोणत्या प्रोग्रॅममध्ये, कोणत्या फॉन्टमध्ये काम झाले ते चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवावे. माझे निम्मे काम त्या एका चिठ्ठीअभावी वाढले.

गुरुजींच्या कोशात आता सव्वीसशे नोंदी आहेत. वाचता न आलेल्या दोन फ्लॉप्यांवर 'प' ते 'भ'मधला काही भाग असावा. क्रमात तिथेच खिंडार आहे. पाभर हा शब्द त्यात नाही, पाळी नाही, बांध नाही. गुरुजींनी हे शब्द घेतले नसतील असे होणार नाही. त्या दोन फ्लॉप्या मी टाकलेल्या नाहीत. लॉक मालकांना परत केले. मुलीने छापलेला गठ्ठा घरी नेला आहे आणि 'प'पासूनची जागा भरायला ती आता मळ्यातल्या म्हाताऱ्यांकडे वही घेऊन जाते.